विहीर डावीकडे

“अप्पा, फीत ओढा की. सैल राहिली तर वाऱ्यानें उडत्ये,” भागी म्हणाली आणि खांबाच्या दोरीचा खुंटा दगडानं ठोकू लागली.

श्रीनिवासरावांनी मैदानाच्या कडेची निळी फीत ओढून धरली. मार्चमध्ये वेण्णार नदीचं पात्र कोरडं ठणठणीत असतं. समुद्र तंजावूरपासून दोन तासांवर, तेव्हा बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या इथल्या पोरींचा बीच म्हणजे ही नदीच. श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या दारांवर तीस वर्षं काढलेली, त्यामुळे वाळू कुठे खोल आहे आणि कुठे वीतभर खाली चिखल लागतो ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की मैदान बुडायचं. पुढच्या फेब्रुवारीत ते पुन्हा नव्यानं आखायचं. बापलेकींचं हे अकरा वर्षं चाललं होतं.

सकाळचे सहा वाजून गेले तरी भागीची जोडीदारीण लावण्या आली नव्हती.

“फोन केलास का?”

“तीनदां केला. वाजतो, घेत नाही.”

“गुडघा दुखत असेल.”

“गुडघा मागच्या दिवाळीलाच बरा झाला, अप्पा. डॉक्टरनें सांगितलें तेव्हां मीच होत्यें तिथे.”

हेही खरंच. लावण्याच्या गुडघ्याच्या बाबतीत भागी कुठे नव्हती? दोन वर्षांपूर्वी कोइमतूरच्या सामन्यात तो गुडघा गेला तेव्हा तिला पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेणारी भागी. ऑपरेशननंतर सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करून घेणारी भागी. मधल्या त्या वर्षात चेन्नईच्या एका अकादमीनं भागीला बोलावलं होतं. त्यांच्याकडे स्टेफी नावाची सहा फुटी मुलगी होती आणि तिला जोडीदारीण हवी होती. भागीनं तिथल्या तिथे नाही सांगितलं आणि घरी येऊन लावण्याला हसत हसत सांगितलं, “सहा फूट आहे म्हणे! मज मान दुखवून घ्यायची नाही.” तेव्हा लावण्या हसली होती. ते हसणं भागीला नंतर पुष्कळदा आठवलं.

भागीचं पूर्ण नाव भागीरथी. पणजीचं नाव पणतीला द्यायची हौस बापाला, आणि ते सोसायचं पोरीला. मैदानावर सगळे तिला, तमिळ जिभेनं, ‘बागी’ म्हणतात. वय एकोणतीस. एका खाजगी शाळेत कंत्राटी पी.टी. टीचर. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यातर्फे पहिल्या चारांत आलं, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळते, पण वयाची तिशी ओलांडायच्या आत. म्हणजे हे शेवटचं वर्ष. मेमध्ये निवड चाचणी, आणि नेमकी या वर्षी ती तंजावूरलाच ठरलेली. राज्यातर्फे एकच जोडी जाणार होती.

साडेसातला भागी सायकल काढून राजवाड्यामागच्या आपल्या मराठी घरांच्या गल्लीत परतली. लावण्याच्या दारात तिची आई, राजमकाकू, रांगोळी काढून नुकतीच उठत होती.

“लावण्या कोठे, काकू?”

“अय्यो, सांगितलें नाही का तुज? चेन्नईस गेली. आमच्या भाच्याकडे, साईरामाकडे, काही काम आहे म्हणून.”

“कसलें काम?”

“मज काय ठाऊक डी पोरी? ये, कापी घे.”

काकूंनी डबऱ्यात, म्हणजे वाटी-पेल्याच्या जोडीत, कॉफी ओतली, वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत, एरवीपेक्षा दोनदा जास्तच. भागीकडे त्यांनी पाहिलं नाही. कॉफी मात्र नेहमीसारखीच होती, भागीला आवडते तशी, कमी साखरेची.

दुपारी शाळेत मुलांना रांगेत उभं करताना भागीचा फोन वाजला. असोसिएशनच्या ग्रुपवर चाचणीच्या जोड्यांची यादी आली होती. चौथ्या ओळीत लावण्या आणि स्टेफी. भागीरथी हे नाव यादीत कुठेच नव्हतं. जोडी नाही तर नाव नाही, या खेळाचा नियमच तसा. एकटीला इथे कुणी विचारत नाही.

तिनं पोरांना सांगितलं, ग्राउंडला चार फेऱ्या मारा. मग आठ मारा म्हणाली. पोरं कुरकुरत धावत राहिली आणि ती पिंपरणीच्या झाडाखाली पाठ करून उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवतात हे तिला माहीत होतं. पण सकाळी भांडं लपवणारीनंच वर कॉफी पाजली होती.

*

भागी दहा वर्षांची असताना ते ओरत्तनाडूहून इथे राहायला आले. पहिल्याच दिवशी समोरच्या घरातल्या बाईंना तिनं ‘मामी’ अशी हाक मारली. तंजावुरात तमिळ शेजारीण, भाजीवाली, बसमध्ये शेजारी बसलेली बाई, सगळ्या मामीच. राजमकाकूंनी तिचा कान धरला.

“मामी म्हणजे परकी बाई. आपण एका बोलीचीं माणसें. मज काकू म्हण.”

पुढच्या वर्षी भागीची आई गेली. त्यानंतर भागीची वेणी काकूंनीच घातली, दहावीपर्यंत. एका मांडीशी लावण्या, दुसऱ्या मांडीशी भागी.

त्या घराचं परसू लांबट. मागच्या टोकाला डावीकडे विहीर, उजवीकडे आंघोळीच्या पाण्याची चूल, मध्ये कपड्यांची दोरी. त्या दोरीवरून पोरी चेंडू खेळायच्या आणि काकू आतून ओरडायच्या, “विहिरीत टाकूं नका डी! चुलीत टाकूं नका! दारांत कोणी आलें तर चेंडू लागेल!” जे टाकू नका म्हटलं तेच टाकायचं, हा पोरींचा धर्म. त्यातूनच त्यांची भाषा झाली.

या खेळात उडी मारून चेंडू हाणणारीला डोळे चेंडूवरच ठेवावे लागतात. समोरची कुठली जागा मोकळी आहे हे पाहायचं काम खालच्या जोडीदारणीचं. ती पाहते आणि ओरडते, आणि वरची त्या आवाजावर विश्वास ठेवून हात फिरवते. विचार करायला वेळच नसतो. बाकीच्या जोड्या ‘लाइन’ किंवा ‘क्रॉस’ असं ओरडतात. या दोघींसाठी पलीकडचं मैदान म्हणजे राजमकाकूंचं घर होतं. जाळ्याला लागून दार. मागे डावीकडे विहीर. मागे उजवीकडे चूल.

“विहिरीत!” लावण्या ओरडायची, आणि चेंडू मागच्या डाव्या कोपऱ्यात पडायचा.

एकदा एका स्पर्धेत समोर महाराष्ट्राची जोडी होती. दोघींना वाटलं, आता झाली पंचाईत, यांना सगळं कळणार. त्या पोरींना शब्द कळलेही. “ए, चुलीत काय चुलीत?” म्हणून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता हरल्या. विहीर कुठल्या बाजूला आहे हे मराठी येऊन थोडंच कळतं? त्यासाठी त्या घरात वाढावं लागतं.

काकू प्रत्येक सामन्याला यायच्या. छत्री घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या. जिंकल्यावर शेजारच्या अनोळखी बाईला तमिळमध्ये सांगायच्या, “सहा पॉइंट आमच्या विहिरीत पडले!” त्या बाईला काही कळायचं नाही.

*

लावण्या चार दिवसांनी परत आली, तेव्हा भागी तिच्या दारात गेली. लावण्या उंबऱ्यावरच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

“मज आधीं सांगायचें होतेंस,” भागी म्हणाली.

“काय सांगायचें? तूं रडली असतीस. मज तें बघवलें नसतें.”

“मी तुझ्यासाठीं एक वर्ष बसल्यें, लावण्या.”

“मी बस म्हटलें का? तूंच बसलीस.” मग आवाज थोडा खाली आणून ती म्हणाली, “माझेंही हें शेवटचें वर्ष आहे, भागी. स्टेफी जाळ्यावर उभी राहिली तर पलीकडचें काही दिसत नाही. तूं असतीस माझ्या जागीं तर काय केलें असतेंस?”

भागी तिच्या जागी होती. तिनं काय केलं ते लावण्याला ठाऊकच होतं. पण असल्या गोष्टी दारात उभं राहून बोलून दाखवायच्या नसतात, म्हणून भागी पायऱ्या उतरली. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता आणि भागी निघाल्यावर पुन्हा सुरू झाला.

यादी अजून कच्ची होती, नावं द्यायची मुदत आठवडाभर होती. भागीनं नागपट्टणमच्या कयलला गाठलं. कोळ्याची पोर, वीस वर्षांची, मनगटं पोलादी आणि तोंड अखंड चालू. अडीच महिने कयल दर शनिवारी बसनं यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. भागीनं तिला विहीर-चूल शिकवली नाही. शिकवावंसंच वाटलं नाही. दोघींनी ‘लाइन’ आणि ‘क्रॉस’वर भागवलं.

“अक्का, तुम्ही माझ्या हाकेला अर्धा क्षण उशिरा हात फिरवता,” कयल एकदा तमिळमध्ये म्हणाली. “माझ्यावर भरवसा नाही का?”

“सवय होईल,” भागी म्हणाली.

*

मे महिन्यात स्टेडियमच्या वाळूत पाय ठेववत नाही. प्रत्येक सामन्याआधी माणसं पाइपनं पाणी मारत होती, आणि पाच मिनिटांत वाळू पुन्हा तापत होती. अंतिम सामना साडेचारला सुरू झाला. राजवाड्याकडची दहा-बारा घरं बघायला आली होती. दोघी पोरी आपल्याच, तेव्हा टाळ्या कुणासाठी वाजवायच्या या संकटात सापडून सगळे दोन्हीकडे वाजवत होते. श्रीनिवासराव लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. त्यांना बसून बघवत नसे. राजमकाकू पुढच्या रांगेत, तीच छत्री उघडून.

पहिला सेट स्टेफी आणि लावण्यानं घेतला. दुसरा भागीनं अक्षरशः ओढून आणला. तिसऱ्या सेटमध्ये पंधरा गुणांना खेळ संपतो. तेरा-तेरा झाले.

कयलनं चेंडू उचलून दिला, जाळ्याच्या डाव्या बाजूला, हवा तसा, वीतभरही इकडेतिकडे नाही. भागी धावली आणि वर गेली. मागून कयलचा आवाज आला, “क्रॉस! क्रॉस!”

आणि त्याच क्षणी, जाळ्यापलीकडून दुसरा आवाज आला.

“विहिरीत!”

भागीनं हात फिरवला. चेंडू मागच्या डाव्या कोपऱ्यात गेला, आणि तिथे लावण्या आधीच गुडघे वाकवून उभी होती. तिनं चेंडू घेतला, स्टेफीनं उचलून दिला, आणि लावण्यानं तो जाळ्याला लागून अलगद टाकला. अगदी दारात. कयल वाळूत तोंडावर पडली, तरी पोचली नाही. चौदा-तेरा.

भागी उभी होती तिथेच उभी राहिली. हाताला तो आवाज ओळखीचा वाटला, म्हणून हात गेला. त्यात डोक्याचा काही संबंधच नव्हता. अकरा वर्षांत त्या आवाजानं तिला एकदाही फसवलं नव्हतं.

ती पंचांकडे गेली. “सर, तिनं मला हाक दिली. मी हवेत असताना. माझ्या जोडीदारणीसारखी.”

पंच मदुराईचे. वयस्क, शांत माणूस. त्यांनी लावण्याला बोलावलं. “काय ओरडलीस?”

“माझ्या जोडीदारणीला सांगितलं, सर. मागे जा म्हणून.”

“कुठल्या भाषेत?”

“आमच्या. मराठीत.”

पंचांनी स्टेफीकडे पाहिलं. स्टेफीनं लावण्याकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. मागे जा म्हटलेली ती पोर त्या वेळी जाळ्याला चिकटून उभी होती, पण हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“त्याचा अर्थ मागे जा असा नाही,” भागी म्हणाली. “त्याचा अर्थ डावा कोपरा. आमच्या दोघींमध्येच आहे तो. माझ्याशिवाय तो शब्द ती कुणाला देऊच शकत नाही.”

“हे बघ बाळा,” पंच म्हणाले, “मला ही भाषा येत नाही. ती एक सांगते, तू एक सांगतेस. तुमच्या दोघींशिवाय हे सांगू शकेल असं कुणी आहे इथे? बाप नको. बाप तुझ्याच बाजूनं बोलणार.”

भागीनं वळून पाहिलं. टाकीपाशी अप्पा होते, त्यांना तर नकोच म्हटलं होतं. गल्लीतल्या बाकीच्यांना शब्द कळला असता, विहिरीची बाजू नाही. मग तिची नजर पुढच्या रांगेतल्या छत्रीवर गेली, आणि मनात आलं, आई तर लावण्याचीच आहे, म्हणजे तिचं बोलणं पंचांना पटेल. तिला खरंच इतका भाबडा धीर आला.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली. “त्या लावण्याच्या आई आहेत. तो शब्द त्यांचाच आहे.”

लावण्या खाली बघून पायानं वाळू सरकवत राहिली.

पंच कडेच्या फितीपर्यंत चालत गेले. “अम्मा, तुमची मुलगी आत्ता काय ओरडली? त्याचा अर्थ काय?”

राजमकाकूंनी छत्री जरा खाली केली. त्यांचं तोंड घामानं डबडबलं होतं. त्यांनी आधी लावण्याकडे पाहिलं, मग भागीकडे. भागीकडे बराच वेळ पाहिलं. वेणी घालायच्या आधी केसांचा गुंता किती आहे ते बघायच्या, तसं.

“मला ऐकू नाही आलं,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

“शब्द सांगतो. विगिरी, विहिरी, असं काहीतरी. तुमच्या भाषेतलं.”

“मला नाही माहीत,” काकू म्हणाल्या. मग कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, “आमच्या घरी आम्ही तमिळच बोलतो.”

मागे बसलेल्या आपल्या लोकांपैकी कुणीतरी घसा खाकरला. बोललं कुणीच नाही.

पंच परत आले. मायलेकींचं बोलणं जुळत नव्हतं, पण भागीच्या बाजूनंही साक्ष नव्हती, म्हणून त्यांनी गुण कायम ठेवला आणि शिट्टी वाजवली. पुढचा गुण कसा गेला ते भागीला नीटसं आठवत नाही. कयल “अक्का! अक्का!” म्हणून ओरडली एवढं आठवतं. खेळ संपल्यावर जाळ्याखालून हात मिळवायचे असतात. भागीनं स्टेफीचा हात हातात घेतला. लावण्याचाही घेतला. तो बर्फासारखा गार होता, मे महिन्यात.

परत जाताना श्रीनिवासराव सायकल हातात धरून चालले. पोरगी शेजारून चालत होती.

“राजमनें असें म्हणायचें नव्हतें,” ते म्हणाले.

“आई आहे ती, अप्पा.”

“होय. पण तुज काय म्हणून घेऊन बसली होती मांडीवर, इतकीं वर्षें?”

भागी रडली, भर रस्त्यात, राजवाड्याच्या भिंतीला हात टेकून. सायकलवरून जाणारी माणसं वळून बघत गेली. श्रीनिवासरावांनी तिला थांबवलं नाही, नुसतेच शेजारी उभे राहिले.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरणाची दारं उघडली. आणखी तीन दिवसांनी पाणी वेण्णारला लागेल, असं श्रीनिवासरावांनी हिशोबानं सांगितलं. त्याच्या आदल्या सकाळी भागी एकटीच नदीवर गेली आणि खुंटे उपटले. फीत गुंडाळली. दरवर्षी ही फीत ती धुऊन, वाळवून ट्रंकेत ठेवायची. या वर्षी कयलला पाठवून द्यायची होती. कयलला अजून पुष्कळ वर्षं होती आणि जोडीदारीण कुणीतरी मिळालीच असती. भागीनं शाळेचा कंत्राटाचा कागद पुन्हा सही करून दिला होता. लावण्या आणि स्टेफी राष्ट्रीय स्पर्धेला जायला दोन दिवसांपूर्वीच निघाल्या होत्या. गल्लीनं त्यांना ओवाळलं होतं. भागीच्या घराचं दार तेवढा वेळ बंद होतं, आणि ते कुणी वाजवलं नाही.

खांब सायकलला आडवे बांधून ती गल्लीत शिरली. अंगाला वाळू लागली होती. राजमकाकू दारातच होत्या. बहुतेक मघापासूनच असाव्यात, कारण डबऱ्यातल्या कॉफीवर साय आली होती.

“भागी,” त्यांनी हाक मारली. मराठीत, पूर्वीसारखीच. “किती वाळलीस गो. महिना झाला, पाय लावला नाहीस घराला. ये, बस. कापी केली आहे, कमी साखरेची.”

भागी थांबली. उघड्या दारातून थेट मागचं परसू दिसत होतं. उजवीकडे चूल, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, डावीकडे विहिरीचा काठ. काकूंचा कॉफीचा हात पुढे झालेला होता. तो हात धरावा असं भागीला अगदी आतून वाटलं. तेही खोटं नव्हतं.

तिनं खांद्यावरची फितीची गुंडाळी सारखी केली. मग मान किंचित लववून, बसमधल्या अनोळखी बाईशी बोलावं तितक्या अदबीनं, ती तमिळमध्ये म्हणाली,

“वेण्डाम, मामी.”

नको, मामी. आणि खांब कुणाच्या ओट्याला लागू नयेत म्हणून सायकल जरा तिरकी करून, ती हळूहळू समोरच्या आपल्या दाराकडे गेली.